सात रस्त्यावरचे ॲव्हरेज

सोलापुरात नव्याने आलेल्या माणसाला सात रस्त्यावर उभे केले की तो आधी रस्ते मोजू लागतो. कुणाचे सहा भरतात, कुणाचे आठ. आम्हीही लहानपणी वडिलांच्या सायकलच्या नळीवर बसून ते मोजत असू. एक रंगभवनाकडे जातो, एक पत्रकार भवनावरून विजापूर रोडला लागतो, एक महावीर चौकाकडून होटगी रोडला, तर एक मोदीच्या बाजूने रेल्वे स्टेशनाकडे. बाकीचे ज्याने त्याने आपापल्या वाटेप्रमाणे मोजून घ्यावेत. महापालिका परिवहनचा डेपो इथेच, पुण्या-मुंबईच्या ट्रॅव्हल्स भरतात त्याही इथेच. गावाला जायचे असो, दवाखान्यात जायचे असो की मोर्चाला, आमच्या पायांना सात रस्ता चुकलेला नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही ऑफिसातून सुटून चौकात उभे होतो. लाल दिवा लागलेला. रिक्षा, मोटारसायकली, सिटी बस, सगळ्यांची इंजिने धडधडत होती. पोटऱ्यांना गरम वाफ लागत होती. त्या गर्दीत एक पांढरी मोटार आमच्या अगदी जवळ येऊन थांबली आणि तिचा आवाजच बंद झाला. बंद पडली की काय म्हणून आम्ही वाकून पाहिले, तर काच खाली झाली.

"काय बघालाव काका? जयभीम. बसा की."

स्टिअरिंगवर आमचा पुतण्या! आम्ही आत बसलो. हिरवा दिवा लागला आणि गाडी आवाज न करता सरकू लागली. पत्रकार भवनाच्या अलीकडे कुठे तरी इंजिन सुरू झाले, तेही नीट कान दिला म्हणून कळले.

आमच्या या पुतण्याने अडीच वर्षे जुळे सोलापुरातल्या एका कुटुंबाकडे ड्रायव्हरची नोकरी केली. ही गाडी त्या मालकांची, २०२३ साली घेतलेली हायब्रिड. मालक आता मुलाकडे परदेशी चाललेले. त्यांनी पुतण्याला सांगितले, "गाडी तू सांभाळलीस, पहिला हक्क तुझा. बारा लाखांना देतो. महिनाअखेरपर्यंत काय ते सांग." पोराच्या डोक्यात ठरून गेले होते. पिवळी पाटी लावायची आणि टुरिस्टची भाडी मारायची. "काका, लिटरला अठ्ठावीस देते. कंपनीच्या कागदावर लिहिलंय. एवढं ॲव्हरेज दुसरी कुठली गाडी देत नाही."

बारा लाख आणायचे कुठून? ते आमच्या थोरल्या बंधूंकडून. बंधू रेल्वेत ट्रॅकवर काम करून निवृत्त झाले. ऊन, पाऊस, रात्र न पाहता रूळ सांभाळून मिळवलेले, ग्रॅच्युइटीचे आणि फंडाचे मिळून चौदा लाख रुपये. त्याच पैशांकडे आमच्या पुतणीचेही डोळे लागलेले. तिला नर्सिंगच्या तीन वर्षांच्या कोर्सला प्रवेश घ्यायचा होता. फी, वसतिगृह, गणवेश, पुस्तके धरून खर्च अडीच लाखांच्या घरात. बंधू म्हणाले, "तू बी.कॉम. आहेस. कागद-पेन्सिल घे आणि गाडी खरंच किती देते ते काढ. कंपनी काय म्हणते ते नको, पोरगा काय म्हणतो तेही नको."

वाचकहो, हिशेबाची जबाबदारी अशी आमच्या गळ्यात पडली. मालकांनी मोठ्या मनाने सांगितले, "पेट्रोल तुमचे घाला आणि हवी तेवढी फिरवून बघा." त्या आठ दिवसांची ही हकीकत आहे. आपल्या वस्त्यांमधली कितीतरी मुले आज ड्रायव्हरकीवर पोट भरतात आणि कधीतरी स्वतःची गाडी घ्यायची म्हणतात. त्यांच्या घरी ही हकीकत कामास यावी.

हायब्रिड म्हणजे नेमके काय?

पहिल्या दिवशी बंधूंनी बॉनेट उघडायला लावले. पुतण्या समजावू लागला. पेट्रोलचे इंजिन आहे, शिवाय विजेची मोटर आहे आणि एक बॅटरी आहे. गाडीला बाहेरून चार्जिंगची पिन लावायची नाही. बंधूंनी थोडे ऐकून घेतले आणि म्हणाले, "अरे, हे तर आमच्या डिझेल इंजिनाचं भावंड."

बंधूंचे म्हणणे बरेचसे बरोबर होते. रेल्वेच्या डिझेल इंजिनात डिझेल थेट चाके फिरवीत नाही. ते जनरेटर फिरवते, जनरेटर वीज तयार करतो आणि त्या विजेवर चाकांच्या मोटरी चालतात. हायब्रिड मोटारीत थोडा फरक आहे. इथे इंजिनही चाके ओढते आणि मोटरही ओढते. कधी एकटी मोटर, कधी एकटे इंजिन, कधी दोघे मिळून. ब्रेक मारला किंवा उतार लागला की तीच मोटर उलटी जनरेटरसारखी चालते, गाडीच्या वेगाची वीज करून बॅटरीत साठवते. नव्या विजेच्या रेल्वे इंजिनांतही ब्रेक मारताना वीज परत तारेत सोडली जाते. तत्त्व तेच.

पण बॅटरी केवढी? सध्या आपल्याकडे खपणाऱ्या मधल्या आकाराच्या हायब्रिड गाड्यांत मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या दोन बहिणीच आहेत. त्यांची बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासाची. घरच्या वीजबिलात आपण ज्याला एक युनिट म्हणतो, त्याचे हे पाऊण. एवढीशी शिदोरी चौकातून सरकायला, सिग्नलवर एसी चालवायला पुरते, गावाला जायला नाही. आणि ती वीजही शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते. हायब्रिड गाडी फुकटची वीज आणत नाही. ब्रेकमध्ये आणि सिग्नलवर जे वाया गेले असते त्यातले थोडे वाचवते, एवढेच.

इथे एक सावधगिरीची सूचना. 'हायब्रिड' नाव लावलेली प्रत्येक गाडी अशी नसते. २०१५ नंतर 'स्मार्ट हायब्रिड' नावाने आलेल्या गाड्यांत लहानशी मोटर फक्त इंजिनाला हातभार लावते. नुसत्या विजेवर ती गाडी पुढे ढकलू शकत नाही. तिला सौम्य हायब्रिड म्हणावे. जुनी गाडी घेताना मागच्या पाटीवरच्या अक्षरांना भुलू नये. चौकात इंजिन बंद असताना गाडी पुढे जाते का, एवढे पाहावे.

जगात ही कल्पना जुनी. टोयोटाची प्रियस १९९७ साली जपानात आली, आपल्याकडे २०१० साली. पण ती मोठ्या लोकांची गाडी राहिली. मधल्या वर्गाच्या आवाक्याजवळ हायब्रिड आली ती २०२२ साली. त्या वर्षी होंडा सिटीची हायब्रिड आली आणि पाठोपाठ वर सांगितलेल्या दोन्ही गाड्या. सरकारी चाचणीप्रमाणे होंडा सिटीचे ॲव्हरेज लिटरला २६.५ किलोमीटर, ग्रँड विटारा आणि हायरायडरचे २७.९७. आम्ही बसलो ती गाडी याच जातीची. नाव लिहीत नाही, कारण आम्हाला ना जाहिरात करायची आहे, ना तक्रार.

चार वाटा, एक वही

आता हे २७.९७ आले कुठून? पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे. १९६६ साली स्थापन झालेली. कोथरूडची टेकडी याच संस्थेच्या नावाने ओळखली जाते. तिथे गाडी रस्त्यावर पळवत नाहीत. खोलीत रोलरवर चढवतात. ठरलेल्या पद्धतीने वेग वाढवतात, कमी करतात, थांबवतात. वीसेक मिनिटांचा आणि दहा-अकरा किलोमीटरचा हा खेळ. जास्तीत जास्त वेग ताशी ९०, सरासरी वेग ताशी ३२च्या आसपास. एसी बंद. समोरून वारा नाही, खड्डा नाही, मागे मावशी-आत्या आणि त्यांच्या पिशव्या नाहीत. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा असावी म्हणून ही सोय. त्यात खोटे काही नाही. पण सोलापूरच्या मे महिन्यात, ४२-४३ अंशांत, एसी बंद ठेवून कोण फिरणार?

आम्ही आमची परीक्षा साधी ठेवली. सात रस्त्याजवळच्या एकाच पंपावर, एकाच मशीनवर टाकी भरायची. नोझल आपोआप बंद पडते त्या पहिल्या कटला थांबायचे. किलोमीटर लिहायचे. फिरून आल्यावर पुन्हा तिथेच पहिल्या कटपर्यंत भरायचे. जेवढे लिटर बसले तेवढे जळले. गाडीतल्या पडद्यावरचा आकडा वेगळा लिहायचा, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. एसी प्रत्येक वेळी चालू.

पहिली वाट शहरातली. चार दिवस पुतण्याने मालकांची कामे केली. सात रस्ता, स्टेशन, नवी पेठ, होटगी रोड, परत सात रस्ता. कधी शाळा सुटलेली, कधी लग्नाची वरात आडवी. चार दिवसांत १८६ किलोमीटर आणि ८.१ लिटर. म्हणजे लिटरला २३ किलोमीटर. या गर्दीत एवढे! आम्ही चकितच झालो. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसासमोर उभ्या असणाऱ्या ड्रायव्हर मंडळींना विचारले. एवढ्याच आकाराची साधी पेट्रोल गाडी शहरात बारा-तेरा देते असे सगळ्यांचे मत पडले. सिग्नलवरचा तो मुकेपणा इथे कामाला आला.

दुसरी वाट विजापूर रोडची. सैफुल, सोरेगाव मागे पडले, तेरामैल गेले आणि टाकळीजवळ भीमा आडवी आली. याच टाकळीवरून सोलापूरच्या नळांना पाणी येते. पूल ओलांडला की कर्नाटक. पाट्या कन्नड होतात, माणसे मात्र दोन्ही भाषांत भांडतात. झळकी, होर्ती करीत विजापूर गाठले. पुतण्याला ताशी ८०च्या वर जाऊ दिले नाही. गोल घुमटाच्या आत बंधूंनी गॅलरीत उभे राहून भिंतीशी हळूच म्हटले, "बारा लाख." पलीकडे उभ्या असलेल्या पुतण्याला ते स्वच्छ ऐकू गेले. १६५६ साली पुरा झालेला हा घुमट कुणाचेच गुपित ठेवत नाही. परत आल्यावर भरले ८.६ लिटर, किलोमीटर २०४. म्हणजे २३.७.

तिसरी वाट पुण्याची. टेंभुर्णीपर्यंत जाऊन परत. हा रस्ता चांगला, चार पदरी. पुतण्या म्हणाला, "काका, भाड्याची गाडी ऐंशीनं चालवली तर गिऱ्हाईक पुन्हा बसणार नाही." त्याचे खरे होते. म्हणून इथे त्याला गिऱ्हाइकाच्या वेगाने चालवू दिली. मोकळा पट्टा दिसला की शंभर, कधी त्याच्याही वर. लांबोटीला मक्याचा चिवडा घेतला, मोहोळ मागे टाकले, मोडनिंबाच्या पुढे उसाच्या रानांतून टेंभुर्णीला पोहोचलो. सारा रस्ता इंजिन एकसारखे बोलत होते. परतल्यावर हिशेब केला. १७२ किलोमीटरला ९.२ लिटर. लिटरला १८.७!

पुतण्याचा चेहरा उतरला. आम्ही विज्ञान दहावीपर्यंतच शिकलो, पण एवढे समजते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०चे ११० केले की तो जवळजवळ दुप्पट होतो. आणि महामार्गावर ना ब्रेक, ना सिग्नल. मग बॅटरीने वाचवायचे काय? जिथे वाया जात नाही तिथे हायब्रिडची कमाईही होत नाही.

चौथी वाट तुळजापूरची. टुरिस्टच्या धंद्यात सोलापूरहून सगळ्यांत जास्त भाडी तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरची. म्हणून पाच माणसे भरून तामलवाडीवरून बालाघाट चढलो. चढाला इंजिन चांगलेच ओरडले. येताना उतारावर पडद्यावर बॅटरी भरताना दिसत होती. पण उतार संपायच्या आत ती भरूनही गेली. पाऊण युनिटाचे भांडे ते, किती भरणार? ९४ किलोमीटरला ४.३ लिटर. म्हणजे २१.९.

इथे एक कबुली देतो. पंपावरचा पहिला कट प्रत्येक वेळी तंतोतंत एकाच जागी पडत नाही. थोड्या अंतराच्या फेरीत अर्ध्या लिटरचीही चूक ॲव्हरेज एक-दोनने हलवते. म्हणून एकेका फेरीपेक्षा बेरजेवर भिस्त ठेवावी. चारही वाटा मिळून ६५६ किलोमीटर, पेट्रोल ३०.२ लिटर. लिटरला २१.७. गाडीचा पडदा २३.६ दाखवीत होता. कंपनीचा कागद २८ला टेकलेला.

पेट्रोलचाही यात वाटा आहे. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. उसापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे नुसत्या पेट्रोलच्या मानाने अशा मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. पूर्वीच्या १० टक्के मिश्रणाच्या मानाने तीन-चार टक्के. ऊस आपल्याच रानातला आणि ॲव्हरेजही आपलेच कमी होते, असा हा मामला आहे.

बैठक

आठव्या दिवशी रात्री बंधूंच्या घरी बैठक बसली. आम्ही वही उघडली. वहिनी भाकऱ्या थापता थापता ऐकत होत्या. पुतणी दाराशी उभी होती.

हिशेबाला पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले. हायब्रिडला किलोमीटरमागे ४ रुपये ८४ पैसे पडतात. तेवढ्याच आकाराची साधी पेट्रोल गाडी गाव आणि हायवे मिळून १४ देते असे धरले, तर साडेसात रुपये. महिन्याला ३,००० किलोमीटर चालवली तर हायब्रिड आठ हजार रुपये वाचवते. पुतण्या ताठ बसला. "बघा, मी म्हणत नव्हतो?"

"थांब," आम्ही म्हणालो. "सोलापुरात टुरिस्टला साधी पेट्रोल गाडी कोण चालवतो? तुझी स्पर्धा सीएनजीशी आहे."

सात माणसांच्या सीएनजी गाडीला कागदावर किलोला २६ आहे. चौकातल्या पाच ड्रायव्हरांना विचारून आम्ही २१ धरले. गॅस किलोला ९४ रुपये. किलोमीटरमागे ४ रुपये ४८ पैसे. म्हणजे हायब्रिडपेक्षा छत्तीस पैशांनी स्वस्त, शिवाय दोन गिऱ्हाइके जास्त. तशीच तीन वर्षे चाललेली सीएनजी गाडी साडेनऊ लाखांना मिळत होती. अर्थात तिची दुखणी वेगळी. पंपावर रांग, सामानाला जागा नाही, टाकी भरली की दोनशे किलोमीटरच्या आसपास पुन्हा पंप शोधायचा, चढाला थोडी मंद. हेही आम्ही वहीत लिहिले होते आणि वाचून दाखवले.

मग बॅटरी. या जातीच्या गाड्यांत हायब्रिड बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतले जे आधी होईल ते. घरची गाडी असेल तर आठ वर्षे निवांत. पण ही गाडी आधीच ४२ हजार चाललेली. महिन्याला ३,००० प्रमाणे भाड्याने पळवली तर सव्वातीन वर्षांत हमी संपली. पांढऱ्या पाटीची पिवळी केल्यावर हमी कोणत्या अटींवर राहील, ते लेखी विचारून घ्यायचे काम वेगळेच. तोंडी आश्वासन हिशेबात धरता येत नाही. परमिट, फिटनेस, भाड्याच्या गाडीचा चढा विमा हे खर्च दोन्ही गाड्यांना सारखेच.

बंधूंनी विचारले, "मग त्या मालकांनी घेतली ती चुकलं म्हणायचं?"

तसे नाही. पण त्यांच्याही बाबतीत गणित मांडून पाहण्यासारखे आहे. नवी घेताना साध्या पेट्रोल गाडीपेक्षा हायब्रिडला अडीच लाख जास्त पडले असे धरू. किलोमीटरमागे २ रुपये ६६ पैसे वाचतात. म्हणजे अडीच लाख वसूल व्हायला ९४ हजार किलोमीटर धावावे लागेल. शहरात महिन्याला ३,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे अडीच वर्षांच्या आसपास वसूल होतील. महिन्याला ८०० फिरणाऱ्याला जवळजवळ दहा वर्षे लागतील. त्याने गाडी शांततेसाठी घ्यावी, धुरासाठी घ्यावी, हौसेसाठी घ्यावी. बचतीसाठी घेतली असे स्वतःला सांगू नये.

सरकारी कराचाही गोंधळ आहे. २०१५ पासून सौम्य हायब्रिडलासुद्धा सरकारी सवलत होती. १ एप्रिल २०१७ पासून ती बंद झाली. त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला तेव्हा अशा मोठ्या गाड्यांवर उपकरासह ४३ टक्के कर बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर तो ४० टक्के आहे. नुसत्या बॅटरीवर चालणाऱ्या गाडीवर मात्र ५ टक्के. त्यामुळे पेट्रोल वाचवणारी ही गाडी मोठ्या पेट्रोल गाडीच्याच कराच्या रांगेत उभी आहे.

इतका वेळ गप्प असलेल्या वहिनी तव्यावरून भाकरी काढून म्हणाल्या, "तुमचं बावीस आन् अठ्ठावीस मला कळत नाही. पेट्रोल वाचतंय ते कुणाच्या पैशानं? बारा लाख घालून महिन्याचे किती वाचवणार? आन् माझी पोरगी घरात बसणार?"

घरात कुणी बोलेना. बारा लाख आणि साडेनऊ लाख यांतला फरक आम्ही वहीत आधीच लिहून ठेवला होता, पण मोठ्याने वाचायचे धैर्य झाले नव्हते. अडीच लाख. नर्सिंगची तीन वर्षे.

पुतण्या उठून बाहेर गेला. बराच वेळ तो गाडीजवळ उभा होता. पोराची ती हौस नव्हती हे आम्हाला माहीत आहे. अडीच वर्षे दुसऱ्याची गाडी आपली म्हणून पुसली होती त्याने. कुणी मागे बसून हुकूम करणार नाही, अशी स्वतःची गाडी त्याला हवी होती. त्यात गैर काय? चांगली वस्तू आपल्याही दारात उभी राहावी असे आपल्या पोरांना वाटलेच पाहिजे. पण बंधूंच्या फंडातला रुपया म्हणजे उन्हात तापलेल्या रुळावरचा रुपया. तो खर्च करण्यापूर्वी चार वाटा फिरून पाहणे आपले काम होते.

आत येऊन तो बहिणीला म्हणाला, "फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी हाय?"

ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी

आमच्या अनुभवातून तीन-चार गोष्टी लिहून ठेवतो. आपली गाडी महिन्यात किती चालणार आणि त्यातली शहरात किती, हायवेवर किती, हे आधी कागदावर लिहा. कंपनीच्या आकड्यातून पाचवा हिस्सा वजा करून हिशेब धरा. त्याहून जास्त मिळाले तर आनंदच आहे. हायब्रिडचा खरा फायदा थांबत-थांबत जाणाऱ्या रस्त्यावर आहे. रोज गर्दीत फिरणाऱ्याने तिचा विचार जरूर करावा. ज्याची वाट मोकळी आणि वेगाची, त्याने तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यापूर्वी दोनदा विचार करावा. जुनी घेत असाल तर बॅटरीची तपासणी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये करून लेखी कागद घ्यावा. ॲव्हरेज मोजायचे तर टाकी ते टाकी, एकाच पंपावर, निदान पाचशे किलोमीटर मोजावे. आणि वेग. कुठलीही गाडी असो, शंभरावरून ऐंशीवर आलात तर पैसे न घालता ॲव्हरेज वाढते.

पुतण्याने सीएनजी गाडी घेतली. साडेनऊ लाख बंधूंनी दिले ते फुकट नाही. महिन्याला ठरावीक रक्कम त्यांच्या खात्यात परत जमा करायची, असा कागद आम्ही केला आणि दोघांच्या सह्या घेतल्या. पुतणी पहिल्या वर्षाला आहे.

ती पांढरी गाडी मालकांनी एका डॉक्टरांना विकली. डॉक्टरांचे सगळे फिरणे गावातच, दोन दवाखान्यांच्या मधले. त्यांना ती योग्य आहे. परवा संध्याकाळी आम्ही पुतण्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलो होतो. सात रस्त्यावर लाल दिवा लागला आणि ती शेजारी येऊन थांबली. तिचा आवाज बंद झाला. आमची धडधडत राहिली. पुतण्याने काच खाली करून तिच्याकडे पाहिले, टायरकडे पाहिले आणि म्हणाला, "पुढच्या डाव्या चाकात हवा कमी हाय. त्यांना सांगायला पायजे." तेवढ्यात दिवा हिरवा झाला. ती होटगी रोडला वळली, आम्ही विजापूर रोडला लागलो.